चक्कर म्हणजे दर वेळी पित्त नव्हे

महोदय,

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची लक्षणे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. पण रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मेंदूच्या मागच्या भागातला असतो, आणि तिथे चित्र वेगळे दिसते. माणूस अचानक गरगरतो, उभे केले की एका बाजूला कलतो, एकाचे दोन दिसते, उलट्या होतात. हातापायांत ताकद असल्याने घरचे पित्त समजून लिंबू-सरबत पाजतात (गिळताना ठसका लागण्याचा धोका वेगळाच!) आणि झोपवून ठेवतात. मोलाचे तास तिथेच जातात.

या भागाची मुख्य धमनी, बॅसिलर, पूर्ण बंद झाली तर जिवावरच बेतते. कॅथेटरने (रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीने) तिच्यातली गुठळी काढण्याचा फायदा रुग्णांवरील आधीच्या चाचण्यांत स्पष्ट झाला नव्हता. २०२२ मध्ये चीनमधील दोन चाचण्यांनी तो दाखवला. एकीत १२ तासांच्या आत उपचार मिळालेल्या गंभीर रुग्णांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी आधाराविना चालू शकत होते. केवळ औषधांवरच्या गटात २३ टक्के. मेंदूत रक्तस्रावाची जोखीम वाढते, तरी मृत्यू घटले.

साधा सीटी स्कॅन सुरुवातीला मागच्या भागातला दोष अनेकदा दाखवत नाही. तेवढ्यावर रुग्णाला घरी पाठवू नये. १०८ रुग्णवाहिकेतील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना तोल व नजर तपासायला शिकवावे, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) चोवीस तास सुरू ठेवावी, ही आरोग्य विभागाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, कराड