सुध्यास, मनूच्या गुडघ्यावरून

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. आम्ही सगळे ठीक. आईची साखर वर-खाली, माझी एक दाढ काढली.

मनूचा गुडघा ऑपरेशननंतर सुधारलाय, पळतेसुद्धा. आता नवाच घोळ. फिजिओ व्यायामाचं वजन वाढवत नेतोय आणि तिचे कबड्डीचे सर म्हणतात, निवड चाचणीपर्यंत वजनं बंद, पोरगी जड होईल, चढाईत पाय उचलणार नाही. हुबेहूब आण्णा वस्ताद! "लोखंडानं अंग आखडतं." तुझ्याशिवाय कुणाला सांगू हे? तालमीमागं त्या गिरणीच्या चाकाशी तूच झटायचास. (चुगली बाळ्यानं केली होती, मी नव्हे. तू अजून मानत नाहीस.)

झोप लागेना म्हणून वाचत बसलो. फिजिओचा हिशेब मूळचा लष्करी दवाखान्यातला निघाला. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या गार्डिनर हॉस्पिटलात गुडघे गेलेले सैनिक यायचे. हलकं वजन, भरपूर वेळा, असा तेव्हाचा रिवाज. थॉमस डिलॉर्म या डॉक्टरनं वजनच वाढवत नेलं. गडी स्वतः पोरवयात ऱ्हुमॅटिक तापानं अंथरुणाला खिळलेला, मग वजनं मारूनच उभा राहिलेला. 1945 ला त्यानं छापलं तेव्हा दहा-दहाचे 7 ते 10 सेट होते. 1948 ला वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर ते 3 वर आणले. जेमतेम 10 वेळा उचलेल त्या वजनाच्या आधी निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. मनूच्या वहीत पेन्सिलनं हेच: 5, साडेसात, 10 किलो.

पण सरांचा मुद्दा चपळाईचा. तिथं भेटला पीटर कार्पोविच, स्प्रिंगफील्ड कॉलेजचा प्राध्यापक, वजनवाले आखडतात असंच मानणारा. 1940 मध्ये जॉन ग्रिमेक हा नावाजलेला वजनवाला तिथं प्रात्यक्षिकाला आला, तर यानं भर सभेत विचारलं, जरा पाठ खाजवून दाखवता का? ग्रिमेकनं अगदी मधोमध खाजवून दाखवली. आण्णांपुढं तुझी झाली असती का छाती? मग 1951 ला कार्पोविच आणि झोर्बास यांनी 300 वजन मारणारे आणि 300 न मारणारे घेऊन हात फिरवायचा वेग मोजला. वजनवाले जास्त वेगवान निघाले.

बरं वाटलं, पण सकाळपर्यंतच. हात फिरवणं म्हणजे चढाई नव्हे, आणि त्या 600 जणांत नुकता शिवलेला गुडघा घेऊन कोण आलं होतं?

आईचं तिसरंच, पोरीच्या मांड्या पैलवानासारख्या होतील. टेप लावून दाखवला, तसूभर फरक नाही, उचलते ते वजन मात्र दुप्पट. मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवलंय की सुरुवातीच्या आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत, मज्जासंस्थाच त्यांना जास्त जोमानं कामाला लावते. आई म्हणाली, तुझ्या अकलेला लावता येतं का बघ.

तर लेका, तूच सांग. चोरून लोखंड उचलून तू जत्रेत शंकऱ्याला पाडलंस, तेव्हा पाय हलके वाटत होते की जड? खरं सांग, आता आण्णाही नाहीत.

वहिनींची बदली रद्द झाली का? पोराची दहावी ना यंदा? घराचा हप्ता सुरू झाला असेल.

सरांना बुधवारी उत्तर द्यायचंय, त्याआधी फोन कर. दुपारी नको, दुकानात गर्दी असते.

तुझा,
दिन्या