खाऱ्या टाकीच्या दिव्याचं वेळापत्रक

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत खाऱ्या पाण्याच्या फिशटँकवर लेख आला आहे. त्यात ‘नवी टाकी लावल्यापासून दिवा रोज दहा-बारा तास चालू ठेवावा’ असं छापलंय. हेच वाक्य दुकानदाराच्या तोंडून ऐकून मी फसलो होतो, म्हणून हे पत्र.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. जन्म गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेला. निवृत्तीनंतर नातवाच्या हट्टापायी अडीच फुटी टाकी आणली. पाणी, मीठ, वाळू, कृत्रिम खडक सगळं झालं. मासा एकही नव्हता. तरी पहाटेची पहिली गाडी सोडावी तसा मी दिवा लावायचो आणि रात्रीच्या बातम्या संपल्या की बंद करायचो. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची, नव्या टाकीत बहुतेकांकडे येते आणि जातेही. माझ्याकडे ती जायच्या आत हिरवं शेवाळ आलं. जावळ न काढलेल्या पोराच्या केसांसारखं लांब, पंपाच्या झोताबरोबर डुलणारं. जुन्या टूथब्रशने खरवडून काढलं की चार दिवसांत पुन्हा हजर. सौ. म्हणाली, “समुद्र म्हणून आणलात आणि घरात डबकं केलंत.”

चूक माझीच. पहिले चार-सहा आठवडे टाकीत जिवाणू तयार होत असतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्यांना उजेड लागतच नाही. उजेड लागतो शेवाळाला. खायला नायट्रेट आयतं असतं आणि शेवाळाला खाणारं टाकीत कोणी नसतं.

“समुद्रात बारा तास ऊन असतंच की,” असं दुकानदार म्हणाला होता. असतं, पण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन बरंचसं पाण्यावरूनच परततं, त्यामुळे पाण्याखालचा दिवस आपल्या दिवसापेक्षा लहान. खरी गरज प्रवाळाला, कारण त्याच्या अंगातली सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न करतात. प्रवाळाला तर आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते घरात आणायचा प्रश्नच नाही. मग नुसत्या माशांच्या टाकीत दिवा कोणासाठी? आपल्यासाठी! माशांना दिवस कधी आणि रात्र कधी एवढं नेमाने कळलं की पुरे.

टाकी धुऊन पुन्हा लावली तेव्हा पहिला महिना दिवा लावलाच नाही. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्यावर दोन क्लाउनफिश सोडले आणि दिवा संध्याकाळी सहा ते दहा ठेवला. मग दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे ओढत दुपारी तीन ते रात्री दहावर आलो. सात तास, बस. पहिला आणि शेवटचा अर्धा तास नुसता निळा. पांढरा दिवा एकदम लागला की मासे दचकून काचेवर आपटतात.

टायमरबद्दल लेखात एक अक्षर नाही. मी चकतीचा, खुंट्या खालीवर करायचा स्वस्त टायमर घेतला होता. जूनमध्ये साडेचार तास लाइट गेली, तेव्हा चकतीही तेवढा वेळ थांबून राहिली. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, तर हॉल निळा आणि दोन्ही मासे टक्क जागे. मुक्कामाची गाडी इतकी उशिरा आली असती तर आमच्या स्थानकात दंगा झाला असता. तेव्हापासून आत बॅटरी असलेला टायमर वापरतो.

पुढच्या पुरवणीत निदान ‘चार तासांपासून सुरुवात करा’ एवढी दुरुस्ती छापावी. आमच्या गल्लीतले दोघं दिवाळीत टाकी घेणार आहेत आणि त्यांनी तुमचा लेख कापून ठेवलाय.

– एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, चिपळूण