किती मिनिटांची प्रत पाहिली, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या बालचित्रपटांवर आलेल्या लेखात डिस्नेच्या ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’ची (१९७१) दोन वाक्यांत वासलात लावली आहे. डिस्नेच्याच आधीच्या ‘मेरी पॉपिन्स’ची (१९६४) फिकी नक्कल, आणि गोष्टीला धड सांधा नाही. हे दोन्ही शेरे या चित्रपटाला पहिल्यापासून चिकटले आहेत. माझा सगळा जन्म संकलनाच्या टेबलावर गेला, म्हणून दुसऱ्या शेऱ्याबद्दल मला बोललंच पाहिजे.

पहिल्याबद्दल थोडक्यात. तुलना होणारच होती. दिग्दर्शक तेच रॉबर्ट स्टीव्हन्सन, निर्माते तेच बिल वॉल्श, गाणी त्याच शर्मन बंधूंची, आणि नट डेव्हिड टॉमलिन्सनही तेच. समुद्रातळाशी चाललेलं नाचगाणं तर मुळात ‘मेरी पॉपिन्स’साठीच लिहिलेलं. पण मेरी पॉपिन्स या जादूगार दाईला सगळं येतं. इथली मिस प्राइस चेटूक शिकते ते टपालाने, मंत्र अर्धवट जमतात आणि झाडूवरून ती आपटते. साल १९४० आहे. लंडनवर बॉम्ब पडताहेत, आणि तिथून गावाकडे पाठवलेली तीन अनाथ मुलं तिच्या गळ्यात पडली आहेत. तिला ती नको आहेत. अँजेला लॅन्सबरी यांनी हा नकोसेपणा लाडिक न करता दाखवलाय, त्याचं मला फार मोल वाटतं. याला नक्कल म्हणणं अन्याय आहे.

आता सांध्याचं. चित्रपट तयार झाला तेव्हा सुमारे १३९ मिनिटांचा होता. ख्रिसमसच्या दिवसांत तो न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागायचा होता. तिथे चित्रपटाच्या जोडीला रंगमंचावरचा कार्यक्रम असे. म्हणून चित्रपट दोन तासांच्या आत आणायचा ठरलं आणि तो ११७ मिनिटांवर आला. पहिला झाडू हाती आल्यावर मिस प्राइस जे गाणं म्हणते ते गेलं. आपलं एकटं असणंच बरं, अशी ती स्वतःची समजूत घालते ते गाणंही गेलं. लंडनच्या पोर्टोबेलो रोड या बाजारगल्लीतला नाच छाटला गेला. रॉडी मॅकडॉवल यांच्यासारख्या नटाची भूमिका तर नावापुरती उरली. १९७९ साली पुन्हा प्रदर्शित करताना तो आणखी कापून ९६ मिनिटांचा केला.

गाणं कापलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. वितरकाच्या सांगण्यावरून मीही गाणी काढली आहेत. वेळ वाचतो, पण पुढच्या प्रसंगात माणसं आधीच हळवी झालेली दिसतात आणि ती कशाने झाली ते प्रेक्षकाला कळत नाही. इथे नेमकं तेच झालंय. त्या एकटेपणाच्या गाण्याशिवाय मिस प्राइस आणि मिस्टर ब्राउन (टॉमलिन्सन) यांच्यातली ओढ नुसती गृहीत धरावी लागते. तो मुलांपासून पळ काढून स्टेशनवर जातो आणि तिथून परततो. त्याच्या परतण्याला जे वजन हवं, ते कापलेल्या प्रतीत नाही.

त्या वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये समीक्षक व्हिन्सेंट कॅन्बी यांनी कौतुक केलं होतं. ‘न्यूयॉर्कर’मध्ये पॉलीन केल यांना मात्र चित्रपटाच्या शैलीत सुसंगती दिसली नाही. केल यांची नजर तीक्ष्ण होती, त्यांना खटकलेलं मलाही खटकतं. पण तो दोष लिहिणाऱ्यांचा किती आणि कात्रीचा किती, हे लांब प्रत पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. १९७१च्या समीक्षकांकडे ती नव्हती. आपल्या लेखकाला ती सहज मिळाली असती, कारण १९९६ साली डिस्नेनेच ती पुन्हा जुळवली. पहिल्या झाडूच्या गाण्याची दृश्यं सापडलीच नाहीत, तिथे स्थिरचित्रांवर भागवलं आहे. काही संवाद नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागले, टॉमलिन्सन यांच्या जागी दुसऱ्याचा आवाज आहे आणि तो कानाला लागतो. पोर्टोबेलोचा पूर्ण नाच मलाही लांबलेला वाटतो. तरी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेले सैनिक, त्यांत आपल्याकडचेही, एका गल्लीत नाचताना पाहिले की हा बाजार युद्धाच्या दिवसांतला आहे हे पटतं. कापलेल्या प्रतीत तो नुसता बाजार राहतो.

लेखात ऑस्करचा उल्लेखही नाही. विशेष दृश्य परिणामांसाठी या चित्रपटाला ते मिळालं. प्राण्यांच्या फुटबॉल सामन्यात टॉमलिन्सन पंच आहेत आणि चितारलेले प्राणी त्यांना तुडवत जातात. तिथे एक फ्रेम थांबवून पाहा. चित्रीकरणाच्या वेळी नट मोकळ्या जागेत एकटा उभा होता, समोर काहीच नव्हतं, तरी त्याची नजर बरोबर त्या प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे. संगणकाविना, फिल्मवर फिल्म चढवून केलेलं हे काम आहे.

माझी विनंती एवढीच. परीक्षणात चित्रपटाच्या नावापुढे वर्ष छापता, तशी पाहिलेल्या प्रतीची मिनिटंही छापा. आणि शक्य असेल तर त्या लेखकाला १३९ मिनिटांची प्रत पाहून पुन्हा लिहायला सांगा. मत तेच राहिलं तरी मी ते आदराने वाचेन.

आपली,
एक निवृत्त चित्रपट संकलक, पुणे