आप्पांना, दुबईहून

ती. आप्पांना,
साष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, "कॉन्ट्रॅक्ट मॅनेजर म्हणजे तू माणसं पुरवतेस की बिलं काढतेस?" आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच कळवते.

दोन्ही नाही. बिलांना क्वांटिटी सर्व्हेयर आहेत, माणसांना साइट इंजिनिअर. आमची कंपनी ठेकेदार, आणि माझ्याकडे करारनामा. आमच्या टॉवरचा करार 'फिडिक' या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या 'रेड बुक' या नमुना-करारावर बेतलाय. छापील नमुना तसा दोघांना सांभाळून घेणारा. पण मालक, म्हणजे टॉवर बांधून घेणारा, त्याला 'विशेष अटी' जोडतो आणि एकेक कलम हळूच फिरवतो. मी वाचायला सुरुवात तिथूनच करते.

सगळ्यात जास्त जीव जातो तो नोटिशींत. समजा, मालकाकडून तळघराचे नकाशे उशिरा आले. साइटवाले फोनवर भांडतात, चहा पितात, पुन्हा कामाला लागतात. पण कलम 20.1 प्रमाणे अडचण कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, 28 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. नाही गेली तर मुदतवाढ नाही, पैसेही नाहीत, चूक मालकाची असली तरी. वर दिवसागणिक उशिराचा दंड आपल्यालाच. पुराव्यासकट दाव्याला 42 दिवस: कुठल्या तारखेला किती माणसं बसून होती, कुठली क्रेन उभी होती. म्हणून मी साइटची डायरी रोज मागते. इंजिनिअर मला बघून दुसऱ्या जिन्याने जातात.

कधी उलटंही बोलावं लागतं. इथे 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, सरकारी नियम. साहेब म्हणाले, यावरही मुदतवाढ मागा. मी नाही म्हटलं. नियम दरवर्षीचा, निविदा भरताना माहीत होता. असा एक दावा लावला की आपल्या खऱ्या दाव्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. घरच्याच माणसांना नाही म्हणायचं, आणि मला वाटतं, पगार त्याचाच मिळतो.

पैशाचं तुम्हाला लगेच कळेल. उसाचं बिल 14 दिवसांत द्यायचा कायदा आहे, आणि ते कधी येतं हे मी तुम्हाला काय सांगणार! रेड बुकात बिल कागदपत्रांसह मालकाने नेमलेल्या इंजिनिअरकडे पोचल्यापासून 56 दिवस, पुढे व्याज. आमच्या उपठेकेदारांना मात्र आम्ही 'मालकाने दिले की देऊ' असं कलम लावतो. ते राबवायचं कामही माझंच, आणि ते मला आवडत नाही.

दादा घराच्या बांधकामाचा करार करतोय आणि त्यात फक्त चौरस फुटाचा दर आहे, असं आई म्हणाली. सही करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो पाठवायला सांगा. सळई-सिमेंट महागलं तर कोण सोसणार, स्लॅब गळला तर किती वर्षं दुरुस्ती, कुठल्या कामानंतर कुठला हप्ता, एवढं तरी लेखी हवं. ठेकेदार नात्यातला असला तरी. आगाऊ रक्कम तोवर देऊ नका.

आईला नमस्कार.

तुमची,
माई