हंगामी भरतीबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासद भावा-बहिणींना नमस्कार.

दसरा झाला की कापसाची आवक सुरू होईल, जिनिंगवर हमाल, काटेवाले, चौकीदार लागतील. अर्ज पाहायला बसणाऱ्यांनी 'त्याच्यावर केस आहे' एवढ्यावरून कोणाचा अर्ज बाजूला टाकू नये. गुन्हा दाखल होणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे. बांधाच्या भांडणात अर्ध्या गावाची नावं ठाण्यात असतात, आपले काही सभासदही त्यात आहेत!

शिक्षा झालीच असेल तर कशाची, किती जुनी आणि आपल्या कामाशी तिचा संबंध काय, ते पाहावं. अफरातफरीत शिक्षा झालेल्याला गल्ल्यावर बसवू नका. पण गाठी उचलायला त्याची काय अडचण? विचारायचं ते कामावर घ्यायचं ठरल्यावर, एकट्याला. पारावर चारचौघांत नाही. अल्पवयात घडलेल्या गुन्ह्याचं तर खोदून विचारूच नये. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 24 काही गंभीर प्रकरणं सोडता त्यामुळे येणारी अपात्रता मानत नाही.

पारधी बेड्यावरच्या पोरांबद्दल स्पष्टच लिहितो. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 सालीच रद्द झाला, आपल्या डोक्यातून मात्र तो अजून गेलेला नाही. त्यांच्याकडूनच चारित्र्य पडताळणीचा दाखला मागायचा आणि बाकीच्यांना ओळखीवर घ्यायचं, हे यंदा चालणार नाही. दाखला मागायचा तर चौकीदारीच्या प्रत्येक अर्जदाराकडून.

नाकारलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहून तो ऑफिसात जमा करावा.

– सचिव