साउथवेलचं वर्कहाउस

नॉटिंगहॅम, रविवार

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार,

गुडघा कसा आहे? तेल लावता की नुसतं आईला सांगता?

काल इथून जवळच साउथवेलला जाऊन आले. तिथे जुनं वर्कहाउस जतन करून ठेवलंय. निराधारांना आसरा देऊन कामाला जुंपायची जागा. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायच्या कामावर मस्टर, म्हणजे मजुरांची हजेरी लिहायचात, म्हणून हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

१६०१ च्या कायद्याप्रमाणे इथे इंग्लंडात गावोगाव गरिबांसाठी पट्टी वसूल होई. पट्टी देणारे कुरकुरायला लागले, तेव्हा बेचर नावाच्या पाद्र्याने पुढाकार घेऊन १८२४ साली ही इमारत उभी केली. १५८ माणसांची सोय. जेवण मिळे, अंथरूण मिळे, पण आत शिरताच कुटुंबाची ताटातूट. बाप एका अंगणात, आई दुसऱ्या, पोरं तिसरीकडेच. धडधाकट वेगळे, म्हातारे वेगळे. जिनेसुद्धा निरनिराळे, चुकून गाठ पडायला नको! व्यवस्थापकाच्या खिडकीतून सगळी अंगणं दिसतात. मी तिथे उभी राहून पाहिलं, अंगावर काटा आला. आत इतकं नकोसं करून ठेवायचं की गळ्याशी आल्याशिवाय कुणी दार ठोठावू नये, हा त्यामागचा हिशेब.

सरकारला तो इतका पसंत पडला की १८३४ च्या कायद्याने देशभर हाच कित्ता गिरवला. अँडोव्हर गावच्या वर्कहाउसात तर खतासाठी हाडं कुटणारी माणसं भुकेपोटी तीच हाडं चघळत होती. १८४५ साली ते उघडकीस आलं आणि बोंबाबोंब झाली. साठी उलटलेल्या नवरा-बायकोला एकत्र राहू द्यायची तरतूद व्हायला १८४७ उजाडलं.

आपल्याकडेही हीच वृत्ती आली. १८७७ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी रोजी एक रत्तल (साधारण अर्धा किलो) धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली होती.

तुमच्या कामावर निदान संध्याकाळी सगळी आपापल्या घरी जायची. पण अण्णा, खडी फोडायला हात न चालणारं म्हातारं माणूस आलं, तर तुम्ही हजेरी कशी लावायचात? आजी म्हणायची, तुम्ही साहेबाची बोलणी खायचात. ती कशापायी, ते एकदा नीट सांगा. लिहायचा कंटाळा असेल तर दादाच्या फोनवर बोलून पाठवा.

तुमची नात,
मनू