८९५ वा गोल आणि बाबांचा पाय

आर्लिंग्टन, व्हर्जिनिया
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवणखाण, ऑफिस, थंडी हे सगळं तुम्हाला फोनवर दिसतंच, ते पुन्हा लिहीत नाही. "त्या बर्फावरच्या मारामारीला तू एकटी कशाला जातेस गं?" असं आईने परवा आइस हॉकीच्या मॅचबद्दल विचारलं आणि मी फोन आवरता घेतला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र.

आई, मी एकटी नव्हते. ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या. फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारची मॅच, दिवेलागणीच्या आत मी घरी. मारामारी होते, खोटं कशाला सांगू, पण ती खेळाडूंची. प्रेक्षकांत तर आजीआजोबा नातवंडं घेऊन बसलेले असतात. आणि रोज कुठे तिकीट काढते? आमच्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा सराव इथे बॉलस्टनला पार्किंगच्या इमारतीत आठव्या मजल्यावर चालतो, तो फुकट बघायला मिळतो. हो, आठव्या मजल्यावर बर्फ!

व्हिडिओ बघून तुम्हाला दंगल वाटली, ते टोप्यांचं प्रकरण नीट सांगते. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल मारले की लोक डोक्यावरच्या टोप्या काढून बर्फावर फेकतात. रागाने नाही, कौतुकाने. कुस्तीच्या फडात फेटे उडतात ना, तसंच. त्या दिवशी अलेक्झांडर ओव्हेच्किनने एडमंटनवर तिसरा गोल चढवला आणि सगळीकडून टोप्यांचा पाऊस. माझ्या पुढच्या आजोबांची टोपी जुनी, लाल, कडा विरलेली. त्यांनी ती हातात दोनदा फिरवली, नातीकडे पाहिलं आणि दिली भिरकावून. ती काही परत मिळत नाही. खेळ थांबतो, माणसं येऊन टोप्यांचा ढीग गोळा करून नेतात, बर्फ मोकळा झाला की खेळ पुन्हा सुरू. मी माझी काढली आणि पोटाशी धरून बसले. तू विणलेली होती.

बाबा, हा माणूस तुम्हाला आवडेल. मॉस्कोचा. आई तात्याना बास्केटबॉलमध्ये दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेली. तिचा ८ नंबर हा पाठीवर घालतो. २००५ मध्ये विसाव्या वर्षी इथे खेळायला आला, तो आजतागायत वॉशिंग्टनकडेच. समोरचा गडी शिक्षेवर बाहेर बसला की हा डावीकडच्या वर्तुळात जाऊन उभा राहतो आणि आलेला पास न थांबवता तसाच हाणतो. वीस वर्षं तीच जागा, तोच फटका. सगळ्या गोलकीपरांना ठाऊक, तरी अडवता येत नाही. तुमची कोपऱ्यातली घोट्याची पकड अख्ख्या तालुक्याला माहीत होती, तरी चढाईला आलेला सापडायचाच, तसं.

गेल्या नोव्हेंबरात त्याच्या पायाचं हाड मोडलं. वय ३९. लोक म्हणाले, आता कसला विक्रम! १६ सामने बाहेर बसला, २८ डिसेंबरला परतला आणि त्याच सामन्यात गोल केला. परवाच्या रामनवमीला, तुमच्याकडे पाळणा होऊन सुंठवडा केव्हाच वाटून झाला असेल, इकडे दुपार होती. मी टीव्हीसमोर. न्यूयॉर्कजवळच्या सामन्यात त्याने ८९५ वा गोल मारला आणि बर्फावर पोटावर झोकून दिलं. आधीचा विक्रमवीर वेन ग्रेट्झ्की ८९४ गोल करून १९९९ मध्ये निवृत्त झाला होता, तेव्हापासून कुणी तिथवर पोचलं नव्हतं. दोघांचे सामनेही सारखेच भरले, १४८७! ग्रेट्झ्की स्वतः हजर होता, त्याने बर्फावर येऊन हात मिळवला. मी एकटीच मोठ्याने ओरडले आणि पहिल्यांदा तुमचीच आठवण आली.

म्हणून सांगते बाबा, "वय झालं" हे मला सांगू नका. वहिनीकडून सगळं कळतं. फिजिओथेरपीवाले गेले की व्यायामाचा रबरी पट्टा कपाटात जातो. दिवसातून तीनदा म्हणजे तीनदा.

तुमच्या पायाच्या दुखण्यात मी यायला हवं होतं. व्हिसाचं काम अडकलं होतं हे खरं, पण मी जोरही लावला नाही. दादाने सगळं केलं. २०२३ मध्ये ओव्हेच्किनचे वडील गेले, तेव्हा ऐन हंगामात संघ सोडून तो घरच्यांकडे गेला होता. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुम्ही ठणठणीत आहात, मला ठाऊक आहे. तरी लागली नाही.

पैशांचं: या महिन्यात दहा हजार कमी आलेत, काळजी नको, नोकरी व्यवस्थित आहे. गणपतीचं तिकीट काढलंय. कर्जाच्या हप्त्याला उणं पडू देणार नाही.

कोल्हापूरच्या स्थळाशी दोनदा बोलले. माणूस सरळ वाटला. पण त्याला इकडे यायचंय आणि मला इथे किती वर्षं राहायचंय ते माझंच ठरत नाही. आई, त्यांना "हो" कळवू नकोस. "नाही"ही नको. मी आल्यावर समोरासमोर बोलू. रागावू नकोस.

बाबा, मला घ्यायला कराडच्या स्टँडवर तुम्ही यायचं. काठी घरी ठेवून.

तुमची,
छोटी